पॉप ग्रुप सुटल्यावर गाणाऱ्या मुलीचं पुढे काय होतं? (नेहा भसीन, 'विवा' आणि आमची भाची)

सातरस्त्याची_मावशी

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण तुमच्यात गाणारे, ऐकणारे, कायदा जाणणारे सगळे आहेत म्हणून इथे विचारते.

माझी भाची सोलापुरातच बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या समूहगीताच्या चमूत गाते. या पाच मुलींना युवा महोत्सवात ऐकून पुण्याच्या एका कंपनीने विचारणा केली आहे. पाचजणींचा ग्रुप करायचा, कंपनीने गाणी आणि व्हिडिओ काढायचे, शो लावायचे. करार तीन वर्षांचा. माझी बहीण 'हो'च्या बाजूने आहे. भावजी म्हणतात, "तीन वर्षांनी ग्रुप मोडला की पोरगी ना बँकेत, ना गाण्यात."

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात 'विवा' हा मुलींचा पॉप ग्रुप घोळतोय. २००२ साली चॅनल व्ही या संगीतवाहिनीवर 'पॉपस्टार्स' नावाचा कार्यक्रम झाला आणि त्यातून पाच मुली निवडल्या. अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, प्रतीची मोहपात्रा, सीमा रामचंदानी आणि महुआ कामत. पहिला अल्बम त्याच वर्षी आला. मग सीमा बाहेर पडली, २००३ मध्ये चौघींचा दुसरा अल्बम आला आणि नंतर ग्रुप विरून गेला. नेहाचा जन्म १९८२चा, दिल्लीचा. म्हणजे निवड झाली तेव्हा ती जेमतेम माझ्या भाचीएवढी होती.

त्यानंतरचं तिचं आयुष्य बघा. 'फॅशन'मधलं 'कुछ खास' २००८ चं. ग्रुपच्या पहिल्या अल्बमनंतर हिंदी सिनेमातलं लोकांच्या लक्षात राहिलेलं गाणं मिळायला इतकी वर्षं गेली. २०११ ला 'धुनकी', २०१४ ला 'गुंडे'मध्ये बप्पी लाहिरींबरोबर. २०१६ ला 'सुलतान'चं 'जग घूमेया' आणि त्यासाठी २०१७ चा फिल्मफेअर. मधल्या वर्षांत ती काय करत होती, कशावर तगली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझं मत असं की ग्रुपने तिला दार उघडून दिलं, पण घर तिने स्वतः बांधलं. तुमचं काय मत? आणि भाचीला काय सांगू?

कडक_भाकरी

'विवा'चं 'जागो ज़रा'!! मावशी, कुठली आठवण काढलीत! त्या वेळी आमच्या गल्लीत एकाकडेच चॅनल व्ही नीट दिसायचं. सगळ्या पोरी त्यांच्या ओट्यावर.

निवृत्त_हिशेबनीस

भावजींची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून मी मांडतो.

'पॉपस्टार्स' ही कल्पना आपली नव्हे. १९९९ ला न्यूझीलंडमध्ये सुरू झाली, तिथे 'ट्रूब्लिस' नावाचा मुलींचा ग्रुप निघाला. मग ऑस्ट्रेलियात 'बार्डॉट', इंग्लंडमध्ये २००१ ला 'हिअरसे', जर्मनीत 'नो एंजल्स'. आपल्याकडे २००२ ला 'विवा' आणि दुसऱ्या वर्षी 'आसमा'. कार्यक्रम चालू असतो तोवर दूरचित्रवाणी रोज तुमचा चेहरा घराघरात पोचवते. कार्यक्रम संपला, पुढच्या वर्षीचा ग्रुप आला, की चॅनलचं लक्ष तिकडे. तुमचा धंदा कोणाच्या तरी प्रसिद्धीवर उभा असेल तर ती काढून घेतली जाण्याचा दिवस आधीच धरून चालावं लागतं.

आणि मावशी, पाचातल्या एकीचं उदाहरण तुम्ही घेतलंत. उरलेल्या चौघींचा हिशेब कोण मांडणार?

चॅनलवाली_पिढी

काका, मी मांडते.

अनुष्का मनचंदा ग्रुपनंतर चॅनल व्हीवरच व्हीजे, म्हणजे गाण्यांच्या कार्यक्रमाची निवेदिका, झाली. २००८ ला 'खतरों के खिलाडी'च्या पहिल्या पर्वात होती. २०११ ला 'दम मारो दम'चं 'मिट जाये ग़म' तिने म्हटलं, त्याची केवढी चर्चा झाली होती! 'रेस २'चं 'अल्लाह दुहाई है', 'उंगली'तलं 'डान्स बसंती'. आणि सगळं जोरात चालू असताना तिने 'किस नुका' हे नाव घेऊन स्वतःचं इलेक्ट्रॉनिक संगीत स्वतःच तयार करायला सुरुवात केली. स्वतः निर्माती झाली. हे काय अपयश म्हणायचं?

बाकीच्या तिघी आपल्याला रोज दिसत नाहीत म्हणून त्यांचं वाटोळं झालं, असं आपण का धरून चालतो? कोणी गाणं शिकवत असेल, कोणी जाहिरातींसाठी गात असेल, कोणी दुसरंच आवडीचं काम करत असेल. माणूस पडद्यावरून गेला की संपला, हा प्रेक्षकाचा हिशेब झाला. त्या माणसाचा नाही.

पूर्वभागकर

मावशी, मधल्या वर्षांत नेहा भसीन काय करत होती ते आमच्या पूर्व भागात येऊन विचारा की! आम्हाला सगळं ठाऊक हाय.

अशोक चौक, कन्ना चौक, दत्त नगर, घराघरात तेलुगू. आमच्याकडे तेलुगू सिनेमाचा संगीतकार देवी श्री प्रसाद याची गाणी यंत्रमागाच्या खडखडाटावर मात करत वाजत असतात. २००९ ला 'करंट' सिनेमात 'अटु नुव्वे इटु नुव्वे' आलं. आमच्या कारखान्यात ते गाणं किती वाजलं हे सांगता येणार नाही. आवाजात एक खरखर हाय बघा, गोड गोड नाही, पण काळजाला लागतो. मग २०११ ला ज्युनिअर एनटीआरच्या 'ऊसरवेल्लि'त विजय प्रकाशबरोबर 'निहारिका'. २०१४ ला महेश बाबूच्या 'नेनोक्कडिने'त 'आव तुजो मोग कोर्ता'. २०१६ ला 'जनता गॅरेज'मध्ये 'ॲपल ब्यूटी'. २०१७ ला 'जय लव कुश'मध्ये 'स्विंग ज़रा'.

हिंदीवाले 'सुलतान'नंतर म्हणाले, "अरे, ही कोण नवीन?" आमची बायकापोरं तेव्हा सात-आठ वर्षं तिचा आवाज ऐकत होती. दिल्लीची पंजाबी मुलगी, तेलुगू मातृभाषा नाही, तरी तिकडचा संगीतकार परत परत बोलावतो. एकदा बोलावणं नशिबाने येतं, परत परत येणं कामाने.

सातरस्त्याची_मावशी

पूर्वभागकर अण्णा, हे मला अजिबात माहीत नव्हतं! 'निहारिका' आत्ताच लावलं. आवाज लगेच ओळखता आला.

कडक_भाकरी

अण्णा, ज्युनिअर एनटीआरचा सिनेमा लागला की तुमच्या भागात बॅनरला दुधाचा अभिषेक होतो, त्यात गायिकेच्या वाटचं दूध कुठाय बे? 😄

पूर्वभागकर

@कडक_भाकरी, पुढच्या वेळी तू घेऊन ये की, आम्ही घालतो!

सिद्धेश्वर_पेठ

माझ्या बायकोला हा धागा वाचून दाखवत होतो तर तिने मध्येच विचारलं, "अनुपमाचा वनराज पण असल्याच ग्रुपमध्ये होता ना?" बरोबर आहे तिचं. सुधांशू पांडे 'अ बँड ऑफ बॉईज'मध्ये होता. करण ओबेरॉय, शेरिन वर्गीस, सिद्धार्थ हळदीपूर, चिंटू भोसले आणि तो. २००० साली 'खिलाडी ४२०'मध्ये काम केलेला नट मग ग्रुपमध्ये गायला आला, पुन्हा सिनेमात गेला, 'सिंग इज किंग' केला, तमिळमध्ये 'बिल्ला २' केला आणि २०२० ला 'अनुपमा' मिळाली तेव्हा घराघरात शिव्या खाणारा नवरा झाला. २०२४ ला मालिका सोडली.

आमच्याकडे आजही टीव्हीवर तो दिसला की सासूबाई रागाने बघतात. गायक होता हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

रेल्वेलाइन्स

त्याच ग्रुपमधला चिंटू म्हणजे आशाताईंचा नातू. आणि सिद्धार्थ हळदीपूर म्हणजे संगीत-संयोजक अमर हळदीपूर यांचा मुलगा. त्याचा भाऊ संगीत हळदीपूर 'आसमा'त होता. दोघे भाऊ दोन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये! पुढे दोघांनी मिळून संगीत द्यायला सुरुवात केली.

'आसमा'तच नीती मोहन होती. २०१२ ला तिने एकाच वर्षी 'इश्क वाला लव' आणि 'जिया रे' म्हटलं आणि फिल्मफेअरचा आर. डी. बर्मन पुरस्कार मिळवला. म्हणजे ग्रुपनंतर तिलाही बरीच वर्षं वाट बघावी लागली. मोहित चौहान 'सिल्क रूट' या बँडमधला. 'डूबा डूबा' १९९८ चं आणि 'तुम से ही' २००७ चं. नेहा, नीती, मोहित, तिघांच्या बाबतीत मधला काळ लांबच आहे. मावशी, भाचीला हे आधी सांगा. तीन वर्षांचा करार आणि त्यानंतरचीही काही वर्षं धीर धरायची तयारी.

निवृत्त_हिशेबनीस

रेल्वेलाइन्स, तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा दिलात. ती वर्षं घरभाडं कोण भरणार?

गड्ड्याचा_गायक

इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. मी ऑर्केस्ट्रात गायलोय. गणपती, नवरात्र, लग्नं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपासचे कार्यक्रम, सगळं केलंय. आता नोकरी करतो आणि सुट्टीला गातो.

हिशेबनीस काका, घरभाडं कसं भरतात ते सांगतो. गाणाऱ्या माणसाचं पोट सिनेमाच्या गाण्यावर भरत नाही. सिनेमाच्या गाण्याने नाव होतं, त्या नावावर कार्यक्रम मिळतात आणि पैसे कार्यक्रमातून येतात. ज्याला कार्यक्रम उभा करता येतो तो तगतो. आणि इथे ग्रुपमध्ये राहिलेल्या माणसाला मोठा फायदा असतो. 'विवा'च्या मुलींना विशीत मोठ्या मंचावर नाचत गायला लागलं. श्वास कुठे घ्यायचा, माईक कसा धरायचा, दिव्यांच्या उजेडात प्रेक्षक दिसत नसताना त्यांच्याशी बोलायचं कसं, कानात मॉनिटरचा आवाज नीट येत नसेल तर सुरात कसं राहायचं. हे रियाजाच्या खोलीत शिकता येत नाही.

दुसरं. दुसऱ्या भाषेत गाणं म्हणजे काय कष्ट, हे पूर्वभागकर अण्णांना ऐकताना कळणार नाही, गाणाऱ्याला कळतं. मी आपल्याकडे तेलुगू गाणी म्हटली आहेत, कारण पूर्व भागात कार्यक्रम असला की त्याशिवाय लोक उठू देत नाहीत. शब्द देवनागरीत लिहून घ्यायचे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की समोरची आजी हसते. शब्दाचा अर्थ विचारून घ्यायचा, नाहीतर जोर भलत्याच अक्षरावर जातो. मग ते कागद बाजूला ठेवून म्हणायचं. स्टुडिओत तर संगीतकार एकेक ओळ घासून घेतो. नेहाने हे हिंदी, तेलुगू, तमिळमध्ये केलं. ज्या वर्षांत हिंदीत फारसं काही दिसत नव्हतं त्या वर्षांत ती दक्षिणेत कामाला होती. 'वाट बघणं' म्हणतात ते हे नव्हे. ती कामावर जात होती.

होटगीरोडची_वकीलबाई

मावशी, करारावर कोणी सही केलेली नाही ना अजून? नसेल तर हे वाचा. असले करार माझ्या टेबलावर येऊन गेलेत.

तीन वर्षं हा आकडा महत्त्वाचा नाही. बारीक अक्षरातलं कलम बघा, मुदत संपल्यावर ती 'वाढवण्याचा हक्क' कोणाला आहे? एकट्या कंपनीला असेल तर तीन वर्षांची पाच होतात. त्या काळात मुलीला बाहेर एकटीने गायची मोकळीक आहे का? सिनेमात, जाहिरातीत, कॉलेजच्या स्पर्धेत? ग्रुपचं नाव कोणाच्या मालकीचं? उद्या पाचही मुली कंपनी सोडून एकत्र गायला लागल्या तर त्या नावाने गाऊ शकतील का? एखादीने सोडलं तर तिच्या आवाजातल्या जुन्या गाण्यांचा हिस्सा तिला मिळत राहील का? कपडे, प्रवास, व्हिडिओचा खर्च कंपनी करते, पण तो मुलींच्या कमाईतून वळता करून घेणार आहे का? शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त दुखतो. शो होत राहतात आणि हातात काही येत नाही.

कायद्याचं एक सांगते. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर गायकांना त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क आहे. गायकांनी २०१३ ला आपली स्वतंत्र संस्था, इस्रा, उभी केली. 'विवा'चा काळ याच्या आधीचा. तेव्हा एकदा बिदागी घेतली की विषय संपला असंच बहुतेक गायक धरून चालायचे. आजच्या मुलीने 'सर्व हक्क कायमचे कंपनीला' या ओळीवर सही करण्याआधी तरी कोणालातरी विचारावं. मला विचारलं तरी चालेल, फी नाही.

सातरस्त्याची_मावशी

वकीलबाई, मनापासून आभार. सही झालेली नाही. कागद बहिणीकडे आहेत, उद्याच बघते.

विजापूर_वेस

सगळे नेहाचं कौतुक करताय, ते ठीक. पण २०२१ ला ती 'बिग बॉस ओटीटी'मध्ये गेली, नंतर 'बिग बॉस १५'मध्येही. फिल्मफेअर मिळालेल्या गायिकेला भांडणाच्या घरात जायची काय गरज होती? मला पटलं नाही. गाणाऱ्याने गाण्यानेच ओळखलं जावं.

चॅनलवाली_पिढी

ज्या मुलीचा पहिला मंचच टीव्हीवरची स्पर्धा होता तिला टीव्ही वर्ज्य का असावा? आणि त्या घरात ती गेली तेव्हा लोक तिच्या गाण्याबद्दल नाही, कपड्यांबद्दल, शरीराबद्दल, वयाबद्दल लिहीत होते. ती त्यावर गप्प बसली नाही, उघडपणे बोलली. गायक पुरुष असल्या कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसतात तेव्हा त्यांच्या गाण्याला बट्टा लागत नाही.

विजापूर_वेस

परीक्षक वेगळं, भांडायला जाणं वेगळं. तिच्या शरीरावर बोलणारे नीच आहेत, त्यात वाद नाही. पण माझं मत तेच आहे. मला तिचा आवाज इतका आवडतो की तो आवाज आरडाओरडा करताना ऐकवला नाही.

कडक_भाकरी

हे बरोबर बोललास बे. मी पण तेवढ्यासाठीच बघायचं सोडलं.

जात्यावरची_ओवी

बिग बॉसवर इतकी चर्चा झाली आणि तिच्या सर्वांत सुंदर कामाचं नावही कोणी घेतलं नाही, म्हणून लिहायला बसले.

नेहा भसीनने गेल्या काही वर्षांत पंजाबी लोकगीतं गायली. 'लौंग गवाचा', 'नई जाणा', 'मधाणियाँ'. संगीत-संयोजन तिचा नवरा समीर उद्दीन याचं. 'मधाणियाँ' हे लग्नघरातलं गाणं, लेक सासरी निघतानाचं. तिथल्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या म्हटलेलं. नेहाने त्यावर ढोल-ताशे ओतले नाहीत. आवाज पुढे ठेवला, वाद्यं मागे. सिनेमात तिला जोरकस, नाचायची गाणी जास्त मिळाली, 'धुनकी' काय, 'स्वॅग से स्वागत' काय. या लोकगीतांत तिने तोच खरबरीत आवाज हळू केला आहे, आणि तिथे ती माझ्या मते सगळ्यात मोठी गायिका आहे. कोणी निर्माता हे मागायला आला नव्हता. तिला वाटलं म्हणून तिने केलं.

हे सांगायचं कारण, माझी आजी मंगळवेढ्याकडची. तिच्या तोंडी जात्यावरच्या ओव्यांचा साठा होता. पंढरीच्या, माहेरच्या, भावाच्या. त्या सुरात, त्या संथ लयीत कोणी तरुण मुलीने नीट ध्वनिमुद्रण करून म्हटल्यात का, मी शोधत असते. मावशी, तुमच्या भाचीच्या ग्रुपमध्ये पाच आवाज आहेत. कंपनी त्यांना काय गायला देणार आहे? हे कोणी विचारलंय का?

सिद्धेश्वर_पेठ

ओवीताई, हा प्रश्न करारापेक्षा मोठा आहे.

होटगीरोडची_वकीलबाई

करारात तेही लिहून घेता येतं हो. 'गाण्यांच्या निवडीत गायिकांचं मत घेतलं जाईल', एवढी ओळ तरी.

रेल्वेलाइन्स

'जग घूमेया'बद्दल एक. राहत फतेह अली खान यांचं गाणं आधीच सगळीकडे वाजत होतं. तीच चाल, विशाल-शेखरची. इर्शाद कामिलचे शब्द, स्त्रीच्या बाजूने लिहिलेले. इतक्या गाजलेल्या गाण्याची दुसरी आवृत्ती म्हणणं म्हणजे तुलना ठरलेलीच. तिने राहतजींसारखं गायचा प्रयत्नच केला नाही, सगळं साधं करून टाकलं. पंजाबी लोकगीत म्हणावं तसं. ओवीताईंचं वाचल्यावर आता लक्षात येतंय की लोकगीतांचा तो अभ्यासच इथे उपयोगी पडला असणार.

मीच_ती_भाची

नमस्कार. मावशीने धागा दाखवला, म्हणून खातं उघडलं. सगळ्यांचं वाचलं. काही गोष्टी मावशीने लिहिल्या नाहीत त्या सांगते.

आमच्या चमूत मी खालचा आवाज म्हणते. समूहगीतात वरचा सूर ज्या म्हणतात त्यांची नावं परीक्षकांना लक्षात राहतात. माझा आवाज गाण्यात असतो, पण वेगळा काढून ऐकला तर लोकांना ओळखू येत नाही. बाबांची भीती ही की ग्रुप मोडला तर पुढे फक्त वरच्या सुराच्या मुलीला विचारतील. ही भीती मलाही आहे.

पण मला ग्रुप हवा आहे तो प्रसिद्ध व्हायला नाही. सोलापुरात राहून स्टुडिओत गायची संधी मला कधी मिळणार? गायक दादांनी लिहिलं ते सगळं, मॉनिटर, माईक, ध्वनिमुद्रण, मला शिकायचं आहे. अनुष्का मनचंदाने स्वतःचं संगीत स्वतः तयार केलं हे वाचून मी रात्रभर तिची मुलाखत शोधत बसले. मला आवाज मिसळण्याचं काम, मिक्सिंग, शिकायचं आहे. खालचा आवाज म्हणणाऱ्याला बाकीच्या चौघींचं सतत ऐकावं लागतं, त्यामुळे मला ते येईल असं वाटतं.

बँकेची परीक्षाही देणार आहे. बाबांना तसं सांगितलंय.

गड्ड्याचा_गायक

बाळा, खालचा आवाज सुरात धरून ठेवणारी मुलगी शंभरात एक सापडते. मुंबईत कोरसमध्ये गाणारे लोक वर्षानुवर्षं काम करतात, त्यांचं नाव कोणाला ठाऊक नसतं आणि काम कधी थांबत नाही. तू हरमनी लिहायला शीक. चाल ऐकली की दुसरा, तिसरा सूर कागदावर मांडता आला पाहिजे. मग ग्रुप राहो न राहो, तुला फोन येतील.

निवृत्त_हिशेबनीस

भाची, तुझं लिहिणं वाचून मला बरं वाटलं. मी काही विरोधासाठी विरोध करत नव्हतो. माझ्या धाकट्या भावाने तरुणपणी एका नाटक कंपनीसाठी नोकरी सोडली होती, त्याचे हाल मी जवळून पाहिलेत. त्याच्याकडे परतीचा रस्ता नव्हता. तू दोन्ही रस्ते उघडे ठेवते आहेस. तुझ्या बाबांना माझा नंबर दे, मावशीला पाठवून ठेवतो. मी त्यांच्याशी बोलेन, त्यांच्या भाषेत.

चॅनलवाली_पिढी

काका ❤️

पूर्वभागकर

भाची, तुला तेलुगू शिकायचं असेल तर आमच्या घरी ये. आमची आई शिकवेल, पैसे नको, फक्त तिच्यासमोर बसून गायचं. ती चूक झाली की लगेच टोकते, आधीच सांगून ठेवतो. तिकडे हैदराबादला कोरसचं काम भरपूर असतं आणि सोलापूरहून रेल्वेने मुंबईपेक्षा ते जवळ पडतं. हा विचार कोणी केलाच नाही बघा, सगळ्यांची नजर पुण्या-मुंबईकडे.

मीच_ती_भाची

अण्णा, खरंच येऊ? रविवारी चालेल?

पूर्वभागकर

ये की. येताना त्या चौघींना पण आण. आई पाचजणींना मिळून गायला लावेल.

सातरस्त्याची_मावशी

वकीलबाई, करार वाचला. मुदत वाढवण्याचा हक्क एकट्या कंपनीला आहे आणि खर्च कमाईतून वळता करण्याचं कलमही आहे. तुम्ही म्हणालात ते दोन्ही निघालं. बाहेर गाण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. बहीण म्हणते, शनिवारी संध्याकाळी पाचही मुलींच्या आया तुमच्याकडे येतील. चालेल का?

होटगीरोडची_वकीलबाई

या. मुलींनाही आणा, सही त्या करणार आहेत. मूळ करार आणि कंपनीने पाठवलेले सगळे ईमेल छापून घेऊन या. तोवर फोनवर कोणालाही 'हो' म्हणू नका. काही विचारलं तर एवढंच सांगा, "वकिलांना दाखवतोय." चांगली कंपनी असेल तर थांबेल.